पिंजऱ्यातली वाटी
अर्धापुरात केळीला तोटा नाही, म्हणून पिंजऱ्यातल्या पाखरालाही रोज केळंच, वर वाटीभर सूर्यफुलाच्या बिया. परवा शेजारच्या कॉकाटेलची वाटी पाहिली नि राहवलं नाही. बिया तेलकट, त्यांत ‘अ’ जीवनसत्त्व नावालाच. नुसत्या त्यांवर पाखरू लठ्ठ होतं, यकृत बिघडतं. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग द्या. पण बेतानं, कारण एकदम बिया काढल्या तर हट्टी पाखरू उपाशी बसतं. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र आजच बंद, नातवंडं कितीही लाडानं भरवोत! आणि आपला हिरवा राघू? त्याला पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. त्याची वाटी सुधारू नका, वनविभागाला कळवा.