गोळी आणि घाम यांची बेरीज

‘व्यायामाने साखर आणि चरबी आटोक्यात येते, पूरक गोळ्यांनीही येते, मग दोन्ही एकत्र केले तर फायदा दुप्पट.’ वजन कमी करायला जिममध्ये गेलेल्या माणसाला हे हमखास ऐकावे लागते. त्या बिचाऱ्याला ते पटतेही, कारण हिशेब सरळ दिसतो. पण शरीर अशी बेरीज करत नाही.

2009 साली जर्मनीत मायकेल रिस्टो यांच्या गटाने तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम ‘क’ आणि 400 युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिले. ज्यांना दिले नाही, त्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक चांगली दाद देऊ लागले. गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरात ही सुधारणा झालीच नाही. व्यायामाच्या वेळी स्नायूंत प्राणवायूचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. आपण त्यांना शत्रू समजतो, पण पेशींना बळकट होण्याचा निरोप तेच देतात. गोळ्यांनी तो निरोपच अडवला. हे तरुण निरोगी होते, स्थूल नव्हते, आणि पुढच्या सगळ्याच प्रयोगांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, हे मान्य करतो. तरीही ‘घेतले तर बिघडते कुठे?’ हा प्रश्न आता निर्धास्तपणे विचारता येत नाही.

आता त्या हिशेबातली नुसती गोळी पाहू. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2423 जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2019 साली आले. रोज 4000 युनिट ‘ड’ जीवनसत्त्व घेऊनही मधुमेह टळण्याचे प्रमाण ठामपणे वाढले नाही. त्यांतील बहुतेकांच्या रक्तात ते आधीच पुरेसे होते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार? आणि खऱ्या औषधाचीही व्यायामाशी बेरीज होत नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका 28.5 टक्के घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाने 26.4 आणि दोन्ही मिळून 28.2.

मग पूरके सरसकट टाकाऊ आहेत का? मी तसे म्हणत नाही. 2007 साली ऑस्ट्रेलियात जादा वजनाच्या लोकांवर झालेल्या प्रयोगात माशाच्या तेलाने रक्तातली ट्रायग्लिसराइड्स उतरली, नियमित चालण्याने रक्तवाहिन्या लवचिक झाल्या, आणि शरीरातली चरबी दोन्हींनी आपापल्या परीने घटवली. दोघांची कामे वेगळी होती, म्हणून जोडी जमली.

प्रथिनांचे उदाहरण तर आपल्या ताटातलेच आहे. नुसते जेवण कमी केले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर हे स्नायूच उचलतात. वजने उचलण्याच्या व्यायामाला पुरेशा प्रथिनांची साथ मिळाली तर ते टिकतात. दोन घास वरण आणि ढीगभर भात खाणाऱ्या शाकाहारी माणसाला इथे प्रथिनांच्या पावडरची खरोखर मदत होऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. उसळ, ताक, पनीर, अंडी यांनी गरज भागत असेल, तर महिन्याचे ते पैसे वाचवावेत.

विकणाऱ्याला एवढेच विचारावे: माझ्यात नेमकी कशाची उणीव आहे, आणि ती कोणत्या तपासणीत दिसली? अशा आरोग्यपूरकांच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे. मधुमेह बरा होईल असे कोणी सांगू लागले, तर ती ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.