फ्लॅशकार्डला मार्क देताना हात आखडता घ्या

फ्लॅशकार्डवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न जास्त येतोय: "सर, कार्डं तर केली, पण कुठलं कार्ड परत कधी बघायचं?" तुम्ही त्या कार्डाला मार्क कसे देता, त्यावर ते ठरतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक जण इथे नको तेवढे उदार होतात.

कार्डाला दिलेला मार्क ही शाबासकी नाही. ते कार्ड परत कधी समोर यावं, याची ती तारीख आहे. दुकानातली उधारी आठवा. नव्या गिऱ्हाइकाला आपण आठ दिवसांची मुदत देतो. वेळेवर पैसे आले की पुढच्या वेळी पंधरा दिवस, मग महिना. एकदा बुडवले की परत रोख. चेहरा बघून मुदत वाढवली की काय होतं, ते ज्याच्याकडे वही आहे त्याला विचारा.

आपल्याकडे पूर्वी परवचा होता. दिवेलागणीला पोरं पाढे म्हणायची, पावकी, निमकी, दिडकी सगळं. किलोला ३४० तर पावशेरचे ८५, हे कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगणारे दुकानदार त्यातूनच तयार झाले. पण त्यात एक उणीव होती: दोनाचा पाढाही रोज आणि एकोणतीसाचाही रोज. जे येतंय त्यावरही तेवढाच वेळ.

ही उणीव १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या लेखकाने जर्मनीत साध्या पेटीने भरून काढली. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पुढे १९८७ मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी हेच कॉम्प्युटरवर आणलं. त्यात ० ते ५ मार्क. ३ पेक्षा कमी पडले की पहिल्यापासून सुरुवात. नाहीतर आधी १ दिवस, मग ६ आणि तिथून दरवेळी साधारण अडीचपट: १५, ३८ आणि त्यापुढे एकदम तीन महिने.

तीन महिने! दुकानदाराने इथे थांबून विचार करावा.

अँकी ॲपमध्ये चार बटणं असतात: चुकलं, अवघड, बरं, सोपं. यातलं 'अवघड' म्हणजे पास, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. उत्तर आठवत नाही, कार्ड उलटतात, "अरे हो, माहीत होतं की" म्हणतात आणि 'चुकलं' दाबायला जीवावर येतं म्हणून 'अवघड' दाबतात. ॲपला वाटतं याला येतंय. कार्ड लांब जातं आणि चूक सापडते ती गिऱ्हाईक समोर उभं असताना.

म्हणून धंद्यासाठी मी दोनच मार्क ठेवायला सांगतो: आलं, नाही आलं. भाषा शिकणाऱ्याने चार बटणं वापरावीत, त्याला वेळ आहे. आपल्याला गल्ल्यावर तीन सेकंद असतात. उत्तर बरोबर पण दहा सेकंदांनी आलं, तर ते 'नाही आलं'. कप्पे चार: रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. महिन्यापुढे कुठलंच कार्ड जाऊ द्यायचं नाही. परीक्षेत विसरलात तर एक मार्क जातो. इथे पदरचे पैसे जातात.

दुसरं, जोडीची कार्डं. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल, सेवा असेल तर २० लाख. कोयनानगरात किराणा टाकणारा आणि होमस्टे काढणारा एकाच वर्गात शेजारी बसतात आणि हे दोन आकडे हमखास अदलाबदल करतात. होमस्टेवाला ४० च्या भरवशावर राहिला तर पुढची धावपळ त्याचीच. अशा जोडीतलं एक चुकलं की दोन्ही पहिल्या कप्प्यात टाका. एकाचीच उजळणी केली तर दुसरा आकडा त्यात मिसळतोच.

आणि जे कुठलंच ॲप स्वतःहून करणार नाही ते हे: जगच बदललं तर? २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. ज्याला १८ पक्कं पाठ होतं, त्याचं कार्ड सगळ्यात लांबच्या कप्प्यात होतं. म्हणजे जे सगळ्यात चांगलं येत होतं, तेच सगळ्यात उशिरा समोर येणार. असं कार्ड खोडून दुरुस्त करू नका. फाडा, नवीन लिहा आणि पहिल्या कप्प्यात ठेवा. रोज बदलणारे भाव, कांदा-बटाटा वगैरे, कार्डावर घेऊच नका. त्याला पाटी आहे.

ॲप की पेटी, हेही विचारतात. सुरुवातीला पेटीच. लाईट आणि रेंज दोन्ही गेली तरी ती चालते. फक्त प्लास्टिकची, झाकणाची घ्या. इथल्या पावसाळ्यात पुठ्ठ्याचा डबा ऑगस्टही बघत नाही.