झाकलेली नावे

संग्रहाचा छंद निरुपद्रवी असतो, असा एक समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या गृहस्थाकडे आपण कौतुकाने पाहतो. त्याच्या हातून कोणावर अन्याय होत असेल अशी शंकाही आपणांस शिवत नाही. आमच्या एका स्नेह्यांस हे वेड आहे. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्यांपासून आरंभ करून ते आता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'सोल' संगीतापर्यंत येऊन पोहोचले आहेत. परवा त्यांनी मोठ्या भक्तिभावाने आम्हांस सांगितले की, फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ सालची एक वीतभर रुंदीची तबकडी २००९ साली २५,७४२ पौंडांस विकली गेली. "ह्याला म्हणतात रसिकता!" असे ते वर म्हणाले. त्या वेळी आम्ही गप्प बसलो. परंतु ही रसिकता नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते सकारण मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

विषय पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल, म्हणून थोडी पूर्वपीठिका दिली पाहिजे. १९६०च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो आदी अमेरिकन शहरांत कृष्णवर्णी गायकांच्या तबकड्या काढणाऱ्या लहान लहान कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या होत्या. मोटाऊनसारखी एखादी कंपनी भरभराटीस आली. बाकीच्यांच्या तबकड्या थोड्या निघाल्या, त्याहून थोड्या खपल्या, आणि उरलेल्या गुदामांत धूळ खात पडल्या. हे टाकून दिलेले संगीत उचलले ते उत्तर इंग्लंडातील कामकरी तरुणांनी. ज्या लँकेशायरच्या कापडाच्या आपल्या पूर्वजांनी होळ्या केल्या, त्याच मुलखातील गिरणीकामगारांची आणि खाणकामगारांची ही मुले. लंडनची आवड बदलली, नवे संथ व जड ठेक्याचे संगीत आले. ह्या मुलांनी मात्र जुन्या द्रुत लयीची गाणी सोडली नाहीत. डेव्ह गॉडिन नावाच्या लेखकाचे लंडनात तबकड्यांचे दुकान होते. फुटबॉलचे सामने पाहावयास उत्तरेकडून येणारे तरुण नवीन माल नाकारून जुनीच गाणी मागतात, हे त्याच्या ध्यानात आले, आणि १९७० साली त्याने आपल्या लेखातून ह्या आवडीचे 'नॉर्दर्न सोल' असे नामकरण केले.

मँचेस्टरचे 'ट्विस्टेड व्हील' १९७१ साली बंद झाले. मग टन्स्टॉलचे 'गोल्डन टॉर्च', ब्लॅकपूलचे 'मेक्का', आणि सर्वांत प्रख्यात ते विगनचे 'कॅसिनो'. नावावरून भलतीच कल्पना होईल; तेथे जुगार नव्हता आणि दारूही मिळत नसे. २३ सप्टेंबर १९७३ पासून ६ डिसेंबर १९८१ पर्यंत ह्या जुनाट नाचघरात रात्री दोन वाजता नाच सुरू होई तो सकाळी आठ वाजेपर्यंत चाले. पाय सहज फिरावेत म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडीत. आठवडाभर राबलेली मुले एकेकट्याने गिरक्या घेत, पाठीमागे झुकत, हातावर तोलून पुन्हा उभी राहत. जोडीदार लागत नसे. रात्रभर जागण्यासाठी पुष्कळ जण उत्तेजक गोळ्या घेत, हे लपविण्यात अर्थ नाही. पोलिसांचे लक्ष त्यामुळेच ह्या ठिकाणांकडे वळले. तरीही एक गोष्ट आम्ही निःशंकपणे म्हणू. ज्या गाण्यांस त्यांच्या मायदेशी कोणी विचारले नाही, त्यांवर अनोळखी देशातील गरीब मुलांनी एवढे प्रेम करावे, ही कलेच्या इतिहासातील एक सुंदर घटना आहे. त्या नाचणाऱ्यांशी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो तबकडीच्या मालकाशी.

नाचघरात तबकड्या वाजविणाऱ्यास तिकडे डी. जे. म्हणतात. दुसऱ्याजवळ नाही ती तबकडी आपल्याजवळ असावी, ह्यावर त्याची प्रतिष्ठा ठरे. म्हणून त्यांच्यात एक चाल पडली. नवी तबकडी हाती लागली की तिच्या लेबलावर कागद चिकटवावयाचा आणि गायकाचे व गाण्याचे खोटेच नाव जाहीर करावयाचे! प्रतिस्पर्ध्याने शोधावयास जावे तर त्याला ती कधीच सापडू नये. ही युक्ती ह्या मंडळींनी प्रथम शोधली असे नाही. जमैकात १९५०च्या दशकात रस्त्यावर संगीत वाजविणारे लोक लेबले खरवडून टाकीत. पण विगन-ब्लॅकपूलकडे तिला जवळजवळ शास्त्राचे स्वरूप आले.

ह्या चालीचे समर्थन असे करितात की, नाव फुटले की चोरट्या आवृत्त्या काढणारे व्यापारी टपलेलेच असत. हे खरे आहे. पण गायकाचे पैसे चोरू पाहणाऱ्यापासून रक्षण करावयाचे म्हणून त्याचे नावच आपण चोरावे, हा कोठला न्याय? आणि रक्षण तरी कोणाचे? गायकाला ह्या मजकुराची वार्ताही नव्हती. रक्षण होत होते ते डी. जे.च्या प्रतिष्ठेचे. पुरावा हवा असल्यास एवढेच पाहावे की, एखादे गाणे पुन्हा छापले जाऊन सर्वांच्या हाती आले की हीच मंडळी पुष्कळदा ते वाजविणे सोडून देत. काल अमृत होते ते आज पाणी झाले! गाण्यातील एक स्वर बदलला नव्हता. बदलली होती ती केवळ प्रतींची संख्या.

हा रोग आपणांस अगदीच परका नाही. चिजा लपविणारे उस्ताद आपल्या परिचयाचे आहेत. अंतरा गिळून टाकणारे, शिष्यासही अर्धीच बंदिश देणारे. पंडित भातखंड्यांनी अशांच्या दारांत किती खेटे घातले आणि मिळविलेले सारे क्रमिक पुस्तकांतून कसे सर्वांस वाटून टाकले, हे आम्ही महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको. तथापि उस्तादाची बाजू थोडी तरी मांडता येते. त्याने ती चीज वर्षानुवर्षे सेवा करून, गळ्यात घोटून मिळविलेली असे. ह्या डी. जे.ने काय केले होते? पैसे देऊन एक तबकडी विकत घेतली होती. दुसरी एक गोष्ट ह्या ओघात आठवते. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून गाणे संपताच ती स्वतःचे नाव उच्चारी. मेणावर कोरून घेणाऱ्या विलायती कारागिरांस कोण गायिले हे कळावे, हा त्यातील व्यवहार. परंतु त्यामुळे तिच्या नावावर कोणास कागद चिकटविता येणार नाही.

आता फ्रँक विल्सनकडे वळू. हा गृहस्थ मोटाऊन कंपनीत गीते रचणारा व ध्वनिमुद्रण करविणारा. त्याचे हे गाणे तबकडीवर उतरले खरे, पण त्याने गायक होण्यापेक्षा पडद्याआडचेच काम पत्करावे असे ठरले, आणि तयार झालेल्या बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. विगनमध्ये हे गाणे गाजले ते एडी फॉस्टर ह्या भलत्याच गायकाच्या नावावर! १९७९ साली मोटाऊनने ते इंग्लंडात विल्सनच्या नावाने प्रसिद्ध केले तेव्हा हा घोटाळा मिटला. म्हणजे २५,७४२ पौंड कशाचे? गाणे तर १९७९ पासून कोणासही अल्प किमतीत मिळत होते. ही किंमत गाण्याची नव्हे, प्रती नष्ट केल्याची आहे. जुनी तबकडी विकली जाते तेव्हा एका मालकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो. गायकाचा त्यात वाटा नसतो. विल्सन २०१२ साली वारला. त्या विक्रीच्या वेळी तो हयात होता, हे आमच्या स्नेह्यांच्या हकीकतीत कोठेच आले नाही.

संग्राहक म्हणतील, "आम्ही नसतो तर ही गाणी उरलीच नसती." ह्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. ग्लोरिया जोन्सचे 'टेंटेड लव्ह' १९६५ साली एका तबकडीच्या मागल्या बाजूस निघाले आणि कोणी ऐकले नाही. उत्तर इंग्लंडातील नाचघरांनी ते जगविले नसते, तर १९८१ साली सॉफ्ट सेल ह्या लीड्सच्या जोडीने ते पुन्हा गाऊन इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर नेले नसते. पण हे जगविले कोणी? त्यावर नाचणाऱ्यांनी आणि ते वाजविणाऱ्यांनी, म्हणजे ते चारचौघांत आणणाऱ्यांनी. शोधून काढणे हे पुण्य, लपविणे हे पाप. ही दोन कृत्ये एकाच माणसाने केली म्हणून एकाच्या नावावर दुसरे खपविता येत नाही.

शोधूनही न लपविण्याचा मार्ग नव्हता असेही नाही. 'केंट' ह्या इंग्रज कंपनीने १९८२ पासून हीच गाणी मूळ मालकांशी करार करून, गायकांची खरी नावे व वृत्तांत छापून पुन्हा प्रसिद्ध केली. ते काम करणारी मंडळी ह्याच नाचघरांतून आलेली संग्राहक होती. आमच्या स्नेह्यांजवळ त्यांपैकी एकही आवृत्ती नाही. पुनर्मुद्रणास मूळ प्रतीची सर येत नाही, असे ते म्हणतात. आम्ही त्यांस विचारले की, आपल्या कपाटातील मूळ प्रतींपैकी किती आपण गेल्या वर्षात वाजविल्या? ते म्हणाले, "छे! वाजविल्याने झिजतात."