लग्नाचा मुकादम

लग्नसराई आली की पैठण रस्त्यावर चितेगाव-बिडकीन पट्ट्यातील मंगल कार्यालयांच्या कमानी उजळतात, आणि त्या कमानींखाली अलीकडे एक नवा माणूस हातात यादी घेऊन वावरताना दिसतो. त्याला कोणी ‘इव्हेंटवाला’ म्हणतात, कोणी ‘कोऑर्डिनेटर’. कार्यालय ठरविणे, मंडप, आचारी, बँड, फोटोवाला, वरातीचा घोडा, पाहुण्यांची उतरण्याची सोय या सर्वांची सांगड घालणे आणि अक्षता पडून पंगती उठेपर्यंत कोठे काही अडू न देणे, हे त्याचे काम. शहरातील श्रीमंतांची ही चैन आता कारखान्यातील कामगाराच्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहे. या माणसावर पैसे खर्च करावेत की नाही, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. वस्तुतः तो श्रमाच्या मोलाचा आणि दलालीचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याची चर्चा या पानावर होणे अगत्याचे आहे.

आपल्या चळवळीतील मित्रांचे उत्तर तयार असते. लग्न साधेपणाने करा, म्हणजे कोऑर्डिनेटरची गरजच उरणार नाही, असे ते सांगतात. २०२५ साली मराठा समाजाच्या ठिकठिकाणच्या बैठकांतून लग्नाच्या आचारसंहिता पुढे आल्या, त्यांचाही सूर हाच होता. साधेपणाचा आग्रह आम्हाला मान्य आहे. पण तेवढ्यावर प्रश्न मिटला असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. गरिबाच्या लग्नखर्चाकडे बोट दाखवून त्याच्या दारिद्र्याची कारणे झाकण्याची रीत फार जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. त्यानंतर नेमलेल्या सरकारी आयोगापुढेही ‘कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो’ हा युक्तिवाद आला होता. लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले गेले आहे, असे खुद्द त्या आयोगालाच नमूद करावे लागले. परकीय सरकारच्या आयोगाला जे दिसले, ते समाजवाद्यांना दिसू नये हे बरे नव्हे.

मुळात कोऑर्डिनेटर जे काम करतो, ते नवे नाही. गावगाड्यात ते काम होत होतेच. फक्त त्याचा मोबदला कोणी देत नव्हते. घरच्या आणि भावकीच्या बायका महिना महिना आधी हळद दळीत, शेवया वळीत, पापड लाटीत. सरपण फोडणे, पाणी भरणे, सांगावा पोहोचविणे, हलगी वाजविणे ही कामे जातीने वाटून दिलेली होती. त्यांचे मोल बलुत्याच्या नावाने आणि पंगत उठल्यावर उरलेल्या अन्नाने फेडले जात असे. ‘पूर्वी सारे कसे आपुलकीने पार पडायचे’ असे हळहळून सांगणाऱ्यांनी ही आपुलकी कोणाच्या पाठीवर उभी होती हेही सांगावे. लग्नाच्या कामाला रोख मजुरी मिळू लागली, ही घटना स्वागतार्ह आहे. आमचा झगडा तिच्याशी नाही.

दुसरी गोष्ट चितेगावच्या वस्तुस्थितीची. कलर टीव्हीच्या कारखान्याने या गावाला नाव दिले आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे येथे कामाला आली. २०१८ च्या जून महिन्यात तीच व्हिडिओकॉन कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि कायम नोकरीच्या भरवशाला तडा गेला. आज या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची भावकी शंभर मैलांवर गावी असते, आणि शेजारी असतो तोही त्याच्यासारखाच पाळीवर जाणारा. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली होती. परंतु कंत्राटी कामगाराचे २४० दिवस भरूच द्यायचे नाहीत, ही या औद्योगिक जगातील उघड रीत होती. ज्या बापाला मुलीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा मिळत नाही, त्याने आचाऱ्याकडे केव्हा जावे आणि कार्यालयाची घासाघीस केव्हा करावी? तो कोऑर्डिनेटरकडून ऐट विकत घेत नाही. कारखान्याने हिरावून घेतलेला वेळ विकत घेतो. ‘हौसेला मोल नाही’ असे म्हणून त्याची थट्टा करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

तेव्हा कोऑर्डिनेटरच्या कामाला मूल्य आहे, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. पाचशे पानांचा अंदाज बांधणे, आचाऱ्याला शिधा वेळेवर देणे, वीज गेली तर जनरेटर तयार ठेवणे, लग्नघटिकेची आणि कार्यालय रिकामे करून देण्याच्या वेळेची सांगड घालणे, यासाठी अनुभव लागतो. हे कसबी श्रम आहेत आणि कसबी श्रमाला कसबी मजुरी मिळाली पाहिजे. येथवर त्याच्याशी आपले भांडण नाही. भांडण सुरू होते ते मजुरी ठरविण्याच्या पद्धतीपाशी.

हा मोबदला सामान्यतः दोन रीतींनी ठरतो. एक, कामाची ठराविक रक्कम. दुसरी, एकंदर खर्चावर टक्केवारी. दुसऱ्या रीतीचा हिशेब कार्यकर्त्यांनी स्वतः मांडून पाहावा. समजा, लग्नाचा खर्च ६ लाख रुपये ठरला आणि टक्केवारी १० आहे. कोऑर्डिनेटरला ६० हजार मिळतील. त्याने प्रामाणिकपणे खटपट करून खर्च १ लाखाने कमी केला, तर वधूपित्याचे १ लाख वाचतील आणि कोऑर्डिनेटरचे १० हजार बुडतील. उलट फुलांची एक कमान आणि जेवणातील दोन पदार्थ वाढवून त्याने खर्च ७ लाखांवर नेला, तर त्याच्या पदरात १० हजार अधिक पडतील. म्हणजे काटकसरीला दंड आणि उधळपट्टीला बक्षीस! माणूस सज्जन असेल, पण ही व्यवस्था त्याला सज्जन राहू देत नाही. त्यात मंडपवाला, डेकोरेशनवाला आणि फोटोवाला यांच्याकडून मिळणारे छुपे कमिशन मिळवा. जो वधूपित्याच्या बाजूने घासाघीस करण्यासाठी नेमला, तोच समोरच्याच्या पानात जेवतो.

मराठवाड्याला या माणसाची ओळख करून देण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर नेणारा मुकादम आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. तोही म्हणतो, मी दोन बाजूंची गाठ घालून देतो. तोही उचल मिळवून देतो आणि तोडणीच्या बिलावर कमिशन घेतो. आणि हंगाम संपतो तेव्हा कोयता चालविणाऱ्या जोडप्याच्या डोक्यावर कर्ज तसेच असते. टक्केवारीवर काम करणारा कोऑर्डिनेटर हा लग्नाचा मुकादम होय. ठराविक मजुरीवर काम करणारा कोऑर्डिनेटर हा कारागीर होय. माणूस एकच असू शकतो; त्याला आपण कोणत्या नात्याने कामावर ठेवतो, यावर सारे अवलंबून आहे.

या साखळीचे खालचे टोकही पाहिले पाहिजे. वरातीत डोक्यावर दिव्यांचे झाड घेऊन मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या बाया, भट्टीपुढे शेकडो पोळ्या लाटणाऱ्या बाया, वाढपी, मंडपाचे बांबू चढविणारी पोरे, हे लग्नउद्योगाचे खरे कामगार. त्यांची मजुरी ठरते ती साऱ्यांचे कमिशन कापून झाल्यावर. बांबूवरून पडलेल्या पोराच्या उपचाराचा खर्च कोणाचा, हे कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले नसते. २०२० च्या मे महिन्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने २५ माणसे आणि २ तास एवढेच बंधन घातले. लग्ने तरीही लागली. कोणाचे लग्न त्यामुळे कमी पक्के झाले नाही. पण या हातावर पोट असणाऱ्यांचे हंगामच्या हंगाम बुडाले, आणि त्यांच्या पाठीशी ना भविष्यनिर्वाह निधी होता ना मंडळ. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. ज्याचा एक मालक नाही अशा हमालालाही मंडळामार्फत मजुरी मिळावी आणि मालकांकडून लेव्ही घेऊन त्याच्या निधीची सोय व्हावी, ही वाट त्या कायद्याने दाखविली. लग्नखर्चावर टक्केवारी घ्यायचीच असेल, तर ती दलालाच्या खिशात न जाता लेव्ही म्हणून या कामगारांच्या निधीत का जाऊ नये?

आता या सर्वांच्या मुळाशी असलेले वाक्य. ‘आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगले करून द्या.’ हे वाक्य उच्चारणारा वरपिता स्वतःला सुधारक समजतो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने रोख रक्कम मागणे गुन्हा ठरविले; तेव्हा मागणीने मांडवाचे, जेवणाचे आणि वरातीचे रूप घेतले. ज्याच्या हौसेचा सोहळा त्याने पैसे द्यायचे नाहीत आणि ज्याची मुलगी त्याने कर्ज काढायचे, हा हुंडाच आहे. फक्त तो वरपक्षाच्या तिजोरीत न जाता कार्यालयात आणि डेकोरेशनात जातो. खर्च मागणारा एक आणि देणारा दुसरा, अशी स्थिती असते तेथेच टक्केवारीची दलाली फोफावते. दोन्ही घरांनी खर्च निम्मा निम्मा उचलला, तर फुलांची दुसरी कमान कितीजण मागतील?

लग्नातील मध्यस्थाचा मोबदला हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा लढविला आहे. १८७३ च्या डिसेंबरात सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून पहिले लग्न लावले. पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे अशीच लग्ने लागली, तेव्हा पुरोहितांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा केला. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९० साली निकाल पुरोहितांच्या विरुद्ध लागला. जे काम करविले नाही त्याचा मोबदला मागण्याचा हक्क कोणालाही नाही, ही त्या लढ्याची शिकवण. धोतराऐवजी सफारी आणि पोथीऐवजी मोबाईल आला, म्हणून ती शिकवण शिळी होत नाही.

तेव्हा चितेगाव परिसरातील कार्यकर्त्यांनी लग्नघरी जाऊन साधेपणावर व्याख्यान देण्यापेक्षा पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. कोऑर्डिनेटर नेमायचा तर ठराविक मजुरीवर आणि लेखी कराराने. खर्चावर टक्केवारी नाही. प्रत्येक बिल यजमानाच्या नावे आणि थेट त्याच्याच हाती. मजुरांची मजुरी करारात नमूद केलेली आणि पंगत उठताच रोख चुकती केलेली. खर्च दोन्ही घरांचा निम्मा निम्मा. आणि कंत्राटी कामगाराला घरच्या लग्नासाठी भरपगारी रजा, ही मागणी संघटनेच्या मागणीपत्रात. याशिवाय वस्तीतील बेकार तरुणांनी आणि पोळ्या लाटणाऱ्या भगिनींनी सहकारी तत्त्वावर हेच काम हाती घेतले, तर आजचा कोऑर्डिनेटरही त्यांच्यात सभासद म्हणून येऊ शकेल. त्याच्या कसबाची आपल्याला गरज आहे. त्याच्या मुकादमीची नाही.