वेडा नव्हे, हक्कदार!

सापगाव-शहापूरकडे वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईच्या विशीतल्या मुलाला कानात आवाज ऐकू येऊ लागले, की पहिली धाव भगताकडे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही ही वाट सुटलेली नाही, हे आम्ही कबूल करतो. कोंबडा जातो, कर्ज होते आणि उपचाराचा गुण लवकर यावा असे सुरुवातीचे महिने अंगाऱ्यात संपतात. पैसेवाल्याचा मुलगा 'आजारी' असतो. आपला 'वेडा' ठरतो. बुडालेला रोज, वस्तीतली थट्टा, यांनी खचलेल्या मनाला एकटी गोळी काय पुरणार?

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, आसनगावहून लोकलही आहे. पण दर खेपेला दोघांची मजुरी बुडते. ती कोण भरणार? म्हणून औषध आणि समुपदेशन जवळच्या आरोग्य केंद्रातच मिळाले पाहिजे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ जात वा वर्ग पाहून भेदभाव करू देत नाही. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी मानसोपचार मोफत आहेत, कार्ड हाती असो वा नसो. हे मुद्दाम सांगतो, कारण कार्ड नाही म्हणून आपला माणूस खिडकीवरूनच मागे फिरतो. कलम २७ प्रमाणे वकीलही मोफत मिळतो. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर ही दोन कलमे वाचून दाखवा.