नाच कुणाचा, नाव कुणाचे?

२०१३ साली लंडनच्या ‘जंगल’ या सोल संगीताच्या गटाची पहिली गाणी बाहेर आली, तेव्हा गाणारे कोण हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. दोघा संस्थापकांनी आपली नावे ‘जे’ आणि ‘टी’ एवढ्या अक्षरांत झाकून ठेवली होती. पडद्यावर मात्र भलतेच चेहरे होते. ‘प्लाटून’च्या व्हिडिओत टेरा नावाची सहा वर्षांची पोर एकटी ब्रेकडान्स करत होती. ‘द हीट’मध्ये दोन कृष्णवर्णीय नर्तक चाकांच्या बुटांवर नाचत होते. साहजिकच हा काळ्या कलावंतांचाच गट, अशी अनेकांची समजूत झाली. पुढे कळले की, जोश लॉइड-वॉटसन आणि टॉम मॅकफारलँड हे दोघे गोरे तरुण आहेत. गटाचे नाव ‘जंगल’ आणि पडद्यावर पुढे केलेले चेहरे काळे, याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायला आम्ही तयार नाही.

तरीही आम्ही याला चोरी म्हणणार नाही. सोल संगीत अमेरिकेतील काळ्यांच्या चर्चमधून, त्यांच्या दुःखातून आले. रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन यांनी ते जगाला ऐकवले, हे खरे. म्हणून गोऱ्याने ते गाऊच नये काय? जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था आम्ही नाकारली आहे. ती लंडनमध्ये मागच्या दाराने आत घेण्याचे आम्हाला कारण नाही. गाणी चांगली आहेत, खुशाल गावीत.

आमचा प्रश्न श्रमाचा आहे. २०२३ साली ‘व्होल्कॅनो’ हा अल्बम आला आणि त्यातल्या चौदाही गाण्यांचे व्हिडिओ जोडून एक चित्रपटच तयार झाला. त्यातले ‘बॅक ऑन ७४’ जगभर गाजले. का गाजले? शे लाटुकोलन यांनी बसवलेल्या नाचामुळे! विल वेस्ट, मेटे लिंतुरी आणि त्यांचे सोबती असे नाचतात की, अंग कुठे थांबते आणि ताल कुठे सुरू होतो ते कळत नाही. खांद्याची एक हलकीशी उचल, पायाची एक घसट, आणि कॅमेरा जणू एका दमात त्यांच्या मागे फिरतो. पोरापोरींनी मोबाईलसमोर नक्कल केली ती या पावलांची. मार्च २०२४ मध्ये सर्वोत्तम गटाचा ब्रिट पुरस्कार मिळाला तो मात्र ‘जंगल’ला, तेव्हा लिडिया किटो ही तिसरी सदस्य होती. नाचणारे गटाचे सदस्य नव्हते.

ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृतीचा दर्जा आहे. कागदावर हक्क आहे! पण तो रचनाकाराचा, आणि करारावर सही करताना तो बहुधा सोडून द्यावा लागतो. नाचणाऱ्याच्या वाट्याला सहसा येते ती दिवसाची मजुरी. गाणे वाजले की गीतकाराला, संगीतकाराला, गायकाला पैसा मिळत राहतो. ज्याच्या घामाने ते गाणे लोकांनी पाहिले, त्याचा हिशेब चित्रीकरण संपले त्या संध्याकाळीच मिटलेला असतो.

‘जंगल’ने नर्तकांची नावे लपवलेली नाहीत, हे आम्ही मोकळेपणाने नोंदवतो. पण ती येतात श्रेयनामावलीत. गाण्याच्या शीर्षकात, गटाच्या नावाशेजारी ती का नकोत? आणि व्हिडिओच्या दर खेपेच्या कमाईत त्यांचा हिस्सा का नको? हे करायला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या व्हिडिओच्या करारात एक कलम घातले तरी पुरे आहे.