रेडिओग्राफी : पाटी नव्हे, पदवी पाहा

बारावी आणि 'नीट'चे निकाल लागले की अनेक घरांत थोडे अवघड दिवस येतात. मुलीने वर्षभर मान मोडून अभ्यास केलेला असतो. गुणही वाईट नसतात. पण सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळण्याइतके नसतात आणि खासगी महाविद्यालयाची फी झेपणारी नसते. अशा वेळी मामा सुचवतात, "एक्स-रेचा कोर्स करू दे, लगेच नोकरी लागते." आई म्हणते, "नको ग बाई, त्या किरणांनी काही झालं तर? पुढे लग्न, मुलंबाळं व्हायचीत." आणि वडील बस स्टँडजवळची पाटी वाचून येतात : 'सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन. नोकरीची हमी.'

या तिघांचे म्हणणे एकेक करून तपासून पाहिले, तर या क्षेत्राची बरीच माहिती हाती लागते.

काम नेमके कोणते?

प्रथम एक गोंधळ दूर करू. रेडिओलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो प्रतिमा पाहून निदान करतो. रेडिओग्राफर ती प्रतिमा तयार करतो. प्रतिमाच बिघडली तर मोठ्यात मोठा डॉक्टरही काय करणार?

छातीचा साधा एक्स-रे घ्या. रुग्णाला छाती पुढे टेकवून उभे करायचे, हनुवटी वर, खांदे पुढे. खांदे पुढे का? तर पाठीची फळीची हाडे फुप्फुसांवरून बाजूला व्हावीत म्हणून. यंत्र सुमारे सहा फुटांवर आणि किरण पाठीकडून. का? तर हृदयाची सावली आहे त्याहून मोठी पडू नये म्हणून. मग "खोल श्वास घ्या, रोखून धरा" आणि बटण. समोर धापा टाकणारे आजोबा असतील किंवा रडणारे तीन वर्षांचे मूल असेल, तरी हे सारे साधावे लागते. चूक झाली तर एक्स-रे पुन्हा काढायचा, म्हणजे रुग्णाला पुन्हा किरण द्यायचे.

तरुण स्त्री रुग्ण असेल तर आधी पाळीची तारीख विचारायची. सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध द्यायचे असेल तर ॲलर्जी आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहायचे. एमआरआयच्या खोलीत कोणतेही लोखंड जाणार नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे, कारण तिथले चुंबक यंत्र वापरात नसतानाही चालूच असते. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले. दार अडवण्याची जबाबदारी कुणाची, हे अशा वेळी कळते.

हे सहा महिन्यांत शिकून होईल का?

शिक्षण कुठे, किती?

बारावी शास्त्र शाखेतून, सहसा भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना पदवीला प्रवेश मिळतो. रेडिओग्राफी, मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी अशी तिची नावे ठिकठिकाणी वेगळी आहेत. साधारण तीन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर इंटर्नशिप. शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र, सुरक्षा आणि प्रत्यक्ष रुग्णालयातील काम असा अभ्यासक्रम असतो.

दिल्लीची एम्स, चंदीगडची पीजीआय, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मणिपाल ही या शिक्षणाची नावाजलेली ठिकाणे. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पॅरामेडिकल पदवीत हा विषय घेता येतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांनी मात्र मूळ गाव न पाहता अधिवासाचा दाखला कोणत्या राज्याचा आहे ते पाहावे. राज्य कोट्यातील जागा त्यावर ठरतात.

२०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. अशा व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण त्यात सांगितले आहे. बस स्टँडजवळची पाटी या हिशेबात बसत नाही. घरबसल्या शिकवणाऱ्यांनाही दूरच ठेवा.

आणखी एक सावधगिरी. 'सोनोग्राफी टेक्निशियन' म्हणून जाहिराती येतात. परदेशात तंत्रज्ञ सोनोग्राफी करतात हे खरे. पण आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे ती पात्र डॉक्टरनेच करायची असते.

किरणांची भीती

आता आईचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला, त्यानंतरच्या काळात काम करणाऱ्यांनी काळजी न घेतल्याने बोटे गमावली, काहींनी प्राणही. आजचे नियम त्या अनुभवातूनच आले.

आपल्याकडे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची यावर देखरेख असते. काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर टीएलडी नावाचा छोटा बिल्ला लावायचा; दर तीन महिन्यांनी तो तपासला जाऊन किती किरण लागले याची नोंद होते. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते, म्हणून बटण आडोशामागून दाबायचे. दिवस राहिल्याचे कळताच वरिष्ठांना सांगायचे, म्हणजे गर्भासाठीची वेगळी, कडक मर्यादा लागू होते. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच.

थोडक्यात, नियम पाळले तर ही नोकरी निर्धास्तपणे करता येते. धोका असतो तो बिल्ला न देणाऱ्या, एप्रन फाटला तरी न बदलणाऱ्या ठिकाणी.

पुढे काय?

सरकारी व खासगी रुग्णालये, निदान केंद्रे, रेल्वे, लष्कराची इस्पितळे यांत या लोकांची गरज असते. सुरुवातीचा पगार, विशेषतः लहान गावातल्या खासगी केंद्रात, बेताचाच असतो. हे मान्य करूनच पुढे जावे. रात्रपाळी, सणावारी ड्युटी चुकत नाही. मात्र सीटी, एमआरआय, कॅथलॅब शिकलेल्यांना मागणी असते. एम.एस्सी. करून अध्यापनाकडे वळता येते. ब्रिटनमध्ये हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. परदेशाचा विचार असेल तर पदवीचा पाया भक्कम हवा.

फी भरण्यापूर्वी

संस्थेत जाऊन चार प्रश्न विचारा. कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहात? मुले कोणत्या रुग्णालयात, कोणत्या यंत्रांवर काम करतात? त्यांना टीएलडी बिल्ला मिळतो का? मागच्या वर्षीची मुले आता कुठे आहेत? उत्तरे टाळली गेली, तर नमस्कार करून बाहेर पडा.

आणि एक प्रश्न मुलीलाही विचारा. अपघातात सापडलेल्या, वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला "काका, जरा इकडे वळा, झालंच हं" असे म्हणताना तिचा हात स्थिर राहील का? उत्तर 'हो' असेल, तर एमबीबीएसची जागा हुकल्याचे दुःख फार दिवस करू नका. रुग्णाच्या उपयोगी पडण्याचा हाही तितकाच सन्मानाचा मार्ग आहे.